श्री, शून्य, एक

जावई काय करतात असं कुणी विचारलं, की माझे सासरे सांगायचे, "कॉलेजात प्रोफेसर हायेत. कॉम्प्युटरवर लोखंड गंजवत्यात." ऐकणारा गप्प व्हायचा आणि सासऱ्यांना वाटायचं, छाप पडली. खरं सांगू का, मी विद्यापीठाला जे अर्ज पाठवायचो त्यातल्या वर्णनापेक्षा त्यांचं वर्णन जास्त बरोबर होतं. सगळी नोकरी मी पाथर्डी तालुक्यातल्या एका कॉलेजात केली. रसायनशास्त्र शिकवलं आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर धातूंची ऑक्साईडं करत बसलो. लोखंडाला ऑक्सिजन मिळाला की गंज होतो. जस्ताला मिळाला की अंगाला खाज सुटल्यावर लावायच्या मलमातली पांढरी भुकटी होते. माझं काम एवढंच, की ह्या गंजाचा किंवा भुकटीचा लहानात लहान कण, म्हणजे मोजून पाच, दहा, वीस अणूंचा घोळका, कसा बसलेला असेल ते गणिताने काढायचं. त्या घोळक्याला आम्ही क्लस्टर म्हणतो.

आता कुणी विचारेल, प्रयोगशाळा असताना कॉम्प्युटर कशाला? अहो, आमच्या प्रयोगशाळेच्या नळाला आठवड्यातून दोनदा पाणी यायचं, आणि ते यायचं त्या दिवशी नेमकी प्राचार्यांची बाग ओली व्हायची. पाण्यावाचून रसायनशास्त्र करायचं तर दुसरा उपाय नव्हता. कॉम्प्युटरला पाणी लागत नाही, गॅस लागत नाही, ॲसिड लागत नाही. फक्त वीज लागते. आता ती तरी कुठे होती म्हणा!

आमच्या कामात एक शब्द दिवसातून पन्नास वेळा यायचा: 'बसलं'. अणू कुठे कुठे ठेवलेत ते आपण कॉम्प्युटरला सांगायचं. तो ऊर्जा काढतो, अणू थोडे सरकवतो, पुन्हा ऊर्जा काढतो. ऊर्जा कमी कमी होत जाते. शेवटी कितीही सरकवलं तरी ती कमी होत नाही, तेव्हा घोळका बसला. लहान असेल तर तासाभरात बसतो, मोठा असेल तर आठवडा घेतो, आणि लोखंड असेल तर आपल्याला रडवतो. पोरं वर्गात येऊन सांगायची, "सर, सातवं बसलं." मी फळ्याकडे तोंड करून हसून घ्यायचो.

एकदा मी परीक्षेच्या कामासाठी नेवाशाला होतो. चहाला बाहेर आलो तर आमचे प्रयोगशाळा सहायक भानुदास यांचा फोन. "सर, बसलं!" बस्स, एवढंच. नऊ दिवस चाललेला बारा जस्तांचा घोळका बसला, असं समजून मी तिथल्या तिथे पावशेर पेढे आणले आणि सगळ्या सुपरवायझरांना वाटले. त्यांना वाटलं मला नातू झाला. संध्याकाळी परत येऊन बघतो तर बॅटरी बसलेली, इन्व्हर्टर बसलेला, आणि त्यांच्या शेजारी स्टुलावर भानुदास बसलेले. म्हणाले, "मी फोनवर सांगितलंच हुतं की." तेव्हापासून आमच्याकडे नियम केला, की मशीन बंद पडलं तर 'मेलं' म्हणायचं.

अजून एक सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बसलं म्हणजे तळाला पोचलं असं नसतं. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला मी पोरांना हिवरे बाजारला न्यायचो. तिथल्या डोंगराला आडवे चर खणलेत. पावसाचं पाणी खाली पळायच्या आत पहिल्या चरात थांबतं. पोरांना म्हणायचो, "बघा, हे पाणी बसलंय का? बसलंय. पण तळं कुठंय? ते तिकडं खाली. पाण्याला वाटतंय आपण पोचलो." आमचा कॉम्प्युटर त्या पाण्यासारखाच आहे, पहिल्या चरात थांबतो आणि 'झालं' म्हणून सांगतो. खाली अजून तळं आहे का, हे आपण विचारायचं असतं. हे मी शंभर पोरांना तरी शिकवलं असेल, आणि स्वतः कुठे चुकलो ते आता सांगणारच आहे.

गिऱ्हाईकंही भारी यायची. सर जस्तावर काम करतात अशी बातमी कुठून तरी फुटली आणि एक शेतकरी पिशवीत कांद्याची पिवळी पात घेऊन थेट स्टाफरूममध्ये हजर. "सर, झिंक कमी पडलंय म्हन्त्यात. किती टाकू?" मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि मोठ्या कौतुकाने सांगितलं, की मी सध्या बारा जस्तांवर काम करतोय. "बारा किलो?" नाही हो, बारा अणू. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हातातल्या पातीकडे बघितलं. मग पात पिशवीत कोंबत म्हणाले, "बारा अनू? येका पानाला बी पुरायचं न्हाई, सर." वर, ह्यांना सरकार पगार देतं, असा चेहरा करून निघून गेले. मीही त्यांना कृषी सहायकाचा नंबर द्यायचं विसरलो.

असो. आता मूळ गोष्टीवर येतो.

आपल्याकडे वहीचं पहिलं पान असो, लग्नाची यादी असो की किराणाची चिठ्ठी, वर 'श्री' लिहिल्याशिवाय हात पुढे जात नाही. कॉम्प्युटरला हिशेब द्यायचा म्हणजे एक फाईल लिहायची असते. तीत कामाचा हुकूम, मग एक ओळ नावाची, मग दोन आकडे, आणि खाली अणूंची यादी. नावाच्या ओळीत काहीही लिहा, कॉम्प्युटर ती वाचून सोडून देतो. माझ्या पहिल्या विद्यार्थ्याने तिथे देवनागरीत 'श्री' लिहिलं. आमचं ते जुनं मशीन अक्षर बघून असं बिथरलं, की दोन दिवस कुणाचंच काम घेईना. मी म्हटलं, "अरे बाबा, देवाचं नाव घ्यायचंय तर इंग्रजीत घे, त्याला मराठी येत नाही." झालं, तेव्हापासून आमच्या प्रत्येक फाईलवर इंग्रजीत श्री, आणि त्याच्या खाली ते दोन आकडे: शून्य, एक. नवी फाईल कोरी कोण लिहितंय? जुनी उचलायची, अणू बदलायचे, वरचं तसंच ठेवायचं. पोरं कामाला लावताना पुटपुटायची, "श्री, शून्य, एक."

आता हे शून्य आणि एक म्हणजे काय? शून्य सोपं आहे, घोळक्यावर विद्युतभार नाही. एकाची भानगड अशी, की अणूंमधले इलेक्ट्रॉन जोडीजोडीने राहतात. काहींची जोडी लागत नाही, ते सडेफटिंग; लोखंडाला चुंबकत्व येतं ते ह्यांच्यामुळेच. सडेफटिंग मोजायचे, त्यात एक मिळवायचा, आणि तो आकडा तिथे लिहायचा. जस्ताच्या ऑक्साईडात सगळ्यांची लग्नं झालेली असतात. सडेफटिंग शून्य, अधिक एक, म्हणजे एक. अगदी बरोबर! आमची पहिली सगळी कामं जस्ताची होती, आणि त्यातला तो 'एक' शंभर टक्के बरोबर होता.

मग मी लोखंडाकडे वळलो. लोखंडाच्या घरात गोष्ट वेगळी असते. गंजातल्या एकेका लोखंडाकडे पाच पाच सडेफटिंग. दोन लोखंडं घेतली तर दहा, अधिक एक, अकरा. म्हणजे 'शून्य, अकरा' करून बघायला पाहिजे होतं. मी काय केलं? जस्ताची फाईल उचलली, जस्त पुसलं, लोखंड लिहिलं. वर श्री, शून्य, एक तसंच. कॉम्प्युटरनेही हरकत घेतली नाही. इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या विषम असती तर त्याने एक चालत नाही म्हणून फाईल परत फेकली असती. पण लोखंडाचे सव्वीस, ऑक्सिजनचे आठ, दोन्ही सम. बिचाऱ्याने माझ्या हुकमाप्रमाणे दहाच्या दहा सडेफटिंगांची बळंच लग्नं लावून दिली, आणि तो घोळका कसाबसा बसला. मी त्यावर पेपर लिहिला. तो परदेशातल्या एका चांगल्या नियतकालिकात छापून आला. कॉलेजने शाल, श्रीफळ दिलं, आणि पेपरचं पहिलं पान चौकटीत घालून प्रयोगशाळेत लावलं. ती चौकट मी रोज रुमालाने पुसायचो. हसू नका, खरंच पुसायचो.

अशात शुभांगी पीएच.डी.ला आली. तिसगावची. वडील बबनराव मोटर रिवाइंडिंगचे मिस्तरी. तालुक्यातल्या निम्म्या विहिरींच्या जळालेल्या मोटरी त्यांच्या दुकानात येऊन पडायच्या. पोरगी बोलायला कमी, विचारायला जास्त. पहिल्याच दिवशी मी तिला फाईल दाखवली. तिने 'एक'वर बोट ठेवलं.

"सर, हा एक कशाचा?"

मला तासाला जायचं होतं, हातात हजेरीपट होता. मी म्हणालो, "अगं, ते वर असतंच. श्रीसारखं. लिहायचं आणि पुढं जायचं."

हे वाक्य मी बोललो. मला उत्तर येत नव्हतं अशातला भाग नाही, एम.एस्सी.ला दर वर्षी तोच धडा मी शिकवत होतो. पण फळ्यावरचं शास्त्र फळ्यावर राहिलं आणि फाईलवर श्री राहिला. तिने मान हलवली आणि लिहिलं: श्री, शून्य, एक. पाच वर्षं लिहिलं. दोन लोखंडं, तीन, चार, अशा सहा घोळक्यांवर सहा प्रकरणं झाली. मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती, आता प्रबंध जमा करायला अडीच महिने उरले होते. तेवढ्यात जमा झाला नाही तर नोंदणी रद्द, पाच वर्षं पाण्यात. घरी लग्नाची बोलणी तिने दोनदा पुढे ढकलली होती.

त्या दिवसांत आमचा स्टॅबिलायझर मेला, आणि शुभांगी म्हणाली, "पप्पांना बोलावते." बबनराव पिशवी घेऊन आले. एका हातात स्क्रू ड्रायव्हर, दुसऱ्या हातात जुन्या स्पीकरचं काळं गोल चुंबक. दुकानात स्क्रू सांडले की ते ह्या चुंबकाने गोळा करायचे, त्यामुळे ते त्यांच्या खिशातच असायचं. काम करता करता ते पडद्यावरचे लाल आणि करडे गोळे बघत होते.

"ह्ये काय हाय, शुभे?"

"पप्पा, करडे लोखंडाचे, लाल ऑक्सिजनचे. गंजच, पण लई बारीक."

"मंग ह्ये चुंबकाला चिकटतंय का?"

शुभांगी हसली. "पप्पा, हे कॉम्प्युटरमधलं आहे."

"त्ये कळतंय गं मला. पर त्याच्या हिशेबात काय येतं? चिकटंल का न्हाई?"

तिने सवयीने उत्तर दिलं. "नाही. ह्याच्यात चुंबकत्व शून्य येतं."

बबनराव स्क्रू पिळायचे थांबले. "आसं कसं? दोन दोन लोखंडं हायेत आन चुंबकपना शून्य? माझ्या दुकानात मोटरच्या गंजाची काळी भुकटी पडती, ती ह्याला मिशावानी चिकटून बसती. तांबडा गंज तेवढा चिकटत न्हाई, ह्ये खरं. पर तुमी बगितलं का, हा काळा का तांबडा?"

मी पुढे झालो. मास्तरकीच्या आवाजात म्हणालो, "बबनराव, इतक्या लहान कणाचे नियम वेगळे असतात."

"आसतील बा," ते म्हणाले, आणि पुन्हा स्क्रू पिळू लागले. स्टॅबिलायझर चालू झाला. मी सुटलो असं मला वाटलं, पण शुभांगी त्या पडद्याकडेच बघत होती, आणि तिची नजर अणूंवर नव्हती, वरच्या ओळीवर होती.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या हातात एकच कागद होता. "सर, मी सगळ्यात लहान घोळका अकरा टाकून केला."

"मग?"

"बसला. आणि आपल्यापेक्षा लई खाली बसला." 'लई' तिच्या तोंडातून प्रयोगशाळेत पहिल्यांदाच ऐकलं. "तीन, पाच, सात, नऊ पण करून बघितले. सगळेच आपल्या एकच्या खाली आहेत, सर."

मी तो कागद घेतला. माझ्या डोक्यात पहिली गोष्ट काय आली माहीत आहे? तिचा प्रबंध नाही, भिंतीवरची चौकट. हा सगळ्यात लहान घोळका तोच होता, जो चौकटीत होता. लाज वाटते सांगायला, पण तसं झालं खरं.

मग मी जे केलं ते कुठलाही मुरलेला प्राध्यापक करतो, पळवाट शोधली. आणि सापडली की! म्हणालो, "थांब, थांब. एका लोखंडाच्या पाच सडेफटिंगांनी वर तोंड केलं आणि दुसऱ्याच्या पाचांनी खाली, तर बाहेरून मोजलं की हिशेब शून्यच येतो. म्हणजे पुन्हा एकच. तांबडा गंज असाच असतो. बघ, आपला एक चुकला नाही!"

तिने शांतपणे विचारलं, "सर, पण तो एक आपण केलाय का? त्यात दहाही जण सडेच राहतात, फक्त एकमेकांकडे पाठ करून. तसं कॉम्प्युटरला मुद्दाम सांगावं लागतं. आपण तर सगळ्यांची लग्नं लावली."

माझीच उपमा, माझ्याच अंगावर! वर तिने तेही करून बघितलं होतं. तेही आमच्या एकच्या खालीच होतं, आणि अणूंमधली अंतरं आमच्या पेपरातल्यापेक्षा लांब येत होती. थोडक्यात, आमचा घोळका वरच्या चरात अडकून बसला होता, आणि मी तळं सापडलं म्हणून शाल घेतली होती.

"शुभांगी," मी म्हणालो, "अडीच महिन्यांत सहा घोळके, प्रत्येकाचे पाचसहा प्रकार. चार मशीनं, त्यातलं एक अर्धमेलं. होणार नाही. आधी जमा कर. डिग्री हातात पडू दे. मग आपण सावकाश दुरुस्त करू."

तिने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाली, "सर, तोंडी परीक्षेत कुणी विचारलं, हा एक कशाचा, तर मी काय सांगू? श्रीसारखं असतं म्हणून सांगू?"

तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. ते मला जास्तच लागलं. मी तिला म्हणालो, "सोमवारी बोलू," आणि सरळ घरी गेलो.

त्या रविवारी मी जेवलो नाही, म्हणजे दुपारी जेवलो नाही. बायकोने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "मी गंजलोय." ती म्हणाली, "ते मला केव्हाचं माहीत आहे, वरण घ्या." मग तिला सगळं सांगितलं. तिला इलेक्ट्रॉनमधलं काही कळत नाही, पण माझ्यातलं सगळं कळतं. ती म्हणाली, "पोरीनं पहिल्या दिवशी विचारलं होतं ना? मग उशीर कुणी केला?" ह्यावर मी वरण घेतलं.

सोमवारी पहिल्या तासाच्या आधी मी शुभांगीला सांगितलं, "सगळं पुन्हा करायचं. आणि पेपरचं मी बघतो."

त्यानंतरचे सव्वादोन महिने आमच्या प्रयोगशाळेत जे चाललं त्याला शास्त्र म्हणायचं की लगीनघाई, मला अजून ठरवता आलेलं नाही. शुभांगीने भिंतीवर मोठा तक्ता लावला, घोळका आडवा, आकडा उभा. बसला की हिरवी टिकली, मेला की लाल. ऑफिसातलं मशीन भानुदासनी गोड बोलून आणलं, ग्रंथालयातलं मी न सांगता आणलं. ग्रंथपाल आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हते. लोखंड काही लवकर बसेना. ऊर्जा खाली जायची, वर उडी मारायची, पुन्हा खाली. गावातला ट्रान्स्फॉर्मर दोनदा जळाला. बबनराव दर दोन दिवसांनी दुकान बंद करून यायचे, बॅटऱ्यांत पाणी घालायचे, जुन्या मोटरींच्या तारा जोडून काय काय करायचे ते त्यांचं त्यांना ठाऊक. आपल्या एका प्रश्नाने पोरीला पाच वर्षांचं काम पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागलं, हे त्यांना कळलं होतं. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, म्या उगंच तोंड उघडलं का?" मी म्हणालो, "बबनराव, तुम्ही पाच वर्षं आधी यायला पाहिजे होतं." माणूस इतका लाजला, की चहा न घेताच गेला.

सहाव्या घोळक्याचा शेवटचा प्रकार मुदतीच्या चार दिवस आधी संपला. शुभांगी वर्गाच्या दारात उभी राहिली. वर्गात साठ पोरं. तिने मोठ्याने सांगितलं, "सर, बसलं!" मी तिच्या मागे उभ्या असलेल्या भानुदासकडे बघितलं. ते म्हणाले, "बॅटरी न्हाई, सर. ह्येच बसलं." हातातला खडू मी खाली ठेवला, आणि तास तिथेच सोडला.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक जाणते परीक्षक आले होते. अशा परीक्षेत मार्गदर्शकाने तोंड शिवून बसायचं असतं. पाऊण तास शुभांगी सुंदर बोलली. मग परीक्षकांनी प्रबंधाचं एक पान उघडलं. "तुम्ही इथे सगळ्यात लहान घोळक्याचा आकार दिलाय. पण तुमच्याच मार्गदर्शकांच्या छापलेल्या पेपरात आकारही वेगळा आहे आणि चुंबकत्व शून्य आहे. दोन्ही बरोबर असू शकत नाहीत. काय म्हणणं आहे तुमचं?"

सभागृहात प्राचार्य होते, संस्थेचे लोक होते, मागच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बबनराव होते. शुभांगीने माझ्याकडे बघितलं. तिला उत्तर पाठ होतं, पण 'सर चुकले' हे दोन शब्द एवढ्या लोकांसमोर तिच्या तोंडातून निघेनात. खाली मान घालून ती म्हणाली, "सर, त्या वेळी साधनं कमी होती, त्यामुळे..."

मला वाचवण्यासाठी पोरगी खोटं बोलत होती! ज्या मुलीने पाच वर्षांचं काम एका कागदापायी फेकून दिलं, तिला मी शेवटच्या पाच मिनिटांत हे शिकवणार होतो? मी उठून उभा राहिलो. नियमात बसत नाही हे माहीत होतं, पण उभा राहिलो.

"साधनं तीच होती, सर," मी परीक्षकांना म्हणालो. "पेपर चुकलाय. मी जस्ताची फाईल लोखंडाला लावली आणि वरचा एक बदलला नाही. हिने मला पहिल्या दिवशी विचारलं होतं, हा एक कशाचा. मी सांगितलं, श्रीसारखा असतो. नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र पाठवलंय. चूक शोधून काढली ती हिने. म्हणजे, हिच्या वडिलांनी विचारलं, आणि हिने शोधली."

परीक्षकांनी उघडलेलं पान मिटलं. मग परीक्षक हसायला लागले. चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, "आमच्याकडे 'श्री' नाही हो. आमची पोरं वर 'ओम' लिहितात. उद्या जाऊन सगळ्या फाईली उघडतो." मग ते शुभांगीकडे वळले. "डॉक्टर, आता तुम्ही सांगा, हा एक कशाचा?" तिला डॉक्टर म्हटलेलं कळायलाच वेळ लागला. कळलं तेव्हा तिने नीट, पहिल्यापासून, सडेफटिंगांसकट सांगितलं.

दुरुस्तीचं पत्र छापून आलं, जेमतेम अर्धं पान. त्यावर माझं नाव आणि शुभांगीचं. माझी निवृत्ती तोंडावर होती. मी चौकट भिंतीवरून उतरवायला गेलो तर शुभांगीने स्टूल धरून ठेवलं. "राहू द्या, सर. शेजारी हे लावू." पण भिंतीत खिळा जाईना, जुनी दगडी भिंत, दोन खिळे वाकले. चौकटीला लागून लोखंडी कपाट होतं. बबनराव तिथे होतेच, आमचा इन्व्हर्टर सोडवत नव्हता त्यांना. त्यांनी माझ्या हातातून पत्र घेतलं, कपाटाच्या दारावर धरलं, खिशातून ते काळं चुंबक काढलं आणि कागदावर ठेवलं. टक्क आवाज झाला.

कागद हलवून बघितला त्यांनी. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता बसलं, सर."

शुभांगी आता त्याच प्रयोगशाळेत शिकवते. मी कधीमधी जातो, चहा पितो, कुणाला नको असलेले सल्ले देतो. परवा गेलो तर पहिल्या वर्षाची एक मुलगी फाईल लिहीत होती. वर इंग्रजीत श्री होतं, ते तसंच चालू आहे, आणि खाली शून्य लिहून तिचा हात थांबला होता. तिने मला नवीन सर समजून विचारलं, "सर, इथं काय लिहू?"

मी खुर्ची ओढली. म्हटलं, "बस. मला आज तासाला जायचं नाही."